कॉमिक्सच्या चोरट्या प्रती आणि आपल्या खरेदीच्या सवयी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे कोणत्या कॉमिक्सचा विचार केला आहे?

मुख्यतः अमेरिकेतील मासिक अंकांचा, कारण वाचकाची खरेदीची सवय आणि एखाद्या मालिकेचे आयुष्य यांचा संबंध तिथे सर्वांत उघडपणे दिसतो. त्याच्या जोडीला जपानच्या मांगाचा, म्हणजे तिथल्या कॉमिक्सचा, विचार केला आहे, कारण चोरट्या प्रतींमुळे होणारे नुकसान आणि त्यावरचे उपाय यांबाबत शिकण्यासारखे पुष्कळ काही तिथे घडले आहे. मराठी वाचक हमखास विचारतात तो जुन्या इंद्रजाल कॉमिक्सचा प्रश्न शेवटी घेतला आहे.

दुकानातून एक अंक घेतला की त्याचे पैसे कोणाकडे जातात?

अमेरिकेत वीस-बावीस पानांच्या कथेच्या अंकाची किंमत आज साधारणपणे ३.९९ किंवा ४.९९ डॉलर असते. १९३८ साली सुपरमॅन ज्या अंकात प्रथम अवतरला, तो अंक १० सेंटला मिळत असे. आजच्या किमतीचा जवळपास निम्मा भाग दुकानदाराकडे राहतो आणि त्यातून त्याला जागेचे भाडे, नोकरांचे पगार व न खपलेल्या अंकांचा तोटा भागवावा लागतो. वितरकाचा वाटा गेल्यावर प्रकाशकाच्या हाती किमतीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास रक्कम पडते. कागद, छपाई, लेखक, पेन्सिलीने चित्रे काढणारा, त्यावर शाई फिरवणारा, रंग भरणारा, फुग्यांतील अक्षरे लिहिणारा आणि संपादक या सर्वांचा खर्च त्यातूनच निघायचा असतो.

मोठ्या कंपन्यांत चित्रकाराला पानामागे ठरलेला मोबदला मिळतो, त्यामुळे एखाद्या अंकाचा खप घसरला तरी त्या महिन्याचे पैसे त्याच्या हाती पडलेले असतात. मालकी निर्मात्यांकडेच ठेवणाऱ्या प्रकाशनांत मात्र चित्र वेगळे असते. १९९२ साली काही नामवंत चित्रकारांनी मिळून स्थापन केलेल्या इमेज कॉमिक्समध्ये प्रकाशक आपले ठरावीक शुल्क आणि छपाईचा खर्च आधी वळता करून घेतो आणि त्यानंतर उरेल ते निर्मात्यांचे असते. म्हणजे खप एका मर्यादेखाली गेला की महिनाभर बसून काढलेल्या पानांचे चित्रकाराला काहीही मिळत नाही. शंभर-दोनशे प्रतींचा फरक कंपनीच्या ताळेबंदात दिसत नसला, तरी या माणसाच्या घरभाड्यात तो दिसतो.

न खपलेले अंक दुकानदार परत का पाठवत नाही?

कारण तशी सोयच नसते. या एका अटीवर पुढची बहुतेक उत्तरे अवलंबून आहेत, म्हणून ती थोडी सविस्तर समजून घेणे आवश्यक आहे.

१९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेत कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर आणि किराणा-औषधांच्या दुकानांत फिरत्या मांडणीवर विकली जात. विकला न गेलेला अंक परत करता येत असे, आणि वाहतुकीचा खर्च वाचावा म्हणून संपूर्ण अंक पाठवण्याऐवजी त्याचे मुखपृष्ठ किंवा मुखपृष्ठाची वरची पट्टी फाडून पाठवली तरी पैसे वळते होत. या पद्धतीत एक प्रत विकण्यासाठी प्रकाशकाला दोन-तीन प्रती छापाव्या लागत आणि उरलेल्यांचा लगदा होत असे. पुढे पट्टीही न मागता केवळ लेखी हमीवर पैसे दिले जाऊ लागले, तेव्हा ‘न खपलेले’ म्हणून नोंदवलेले अंक मागच्या दाराने बाहेर विकण्याचे प्रकारही झाले. कॉमिक्सच्या व्यवसायाला चोरी इंटरनेटने शिकवली नाही, हे यावरून लक्षात यावे.

१९७३ साली न्यूयॉर्कचे फिल सूलिंग यांनी प्रकाशकांपुढे वेगळा प्रस्ताव ठेवला. सूलिंग हे पेशाने शिक्षक होते आणि कॉमिक्सची संमेलने भरवत असत. दुकानदार थेट प्रकाशकाकडून अंक घेतील, त्यांना अधिक सवलत मिळेल आणि त्या बदल्यात ते एकही अंक परत करणार नाहीत, असा तो प्रस्ताव होता. यातून फक्त कॉमिक्स विकणारी दुकाने उभी राहिली, छापायच्या प्रतींचा आकडा प्रकाशकाला आधीच कळू लागला आणि स्टॉलवर कधीच न टिकलेल्या वेगळ्या वळणाच्या मालिकांना जागा मिळाली. मात्र तोट्याची सगळी जोखीम प्रकाशकाच्या खांद्यावरून उतरून दुकानदाराच्या खांद्यावर आली, आणि ती आजही तिथेच आहे.

अंक आधी सांगून ठेवला काय किंवा महिनाभराने घेतला काय, काय फरक पडतो?

फार मोठा फरक पडतो. दुकानदाराला अंक बाजारात येण्याच्या दोन महिने आधी यादीवरून मागणी नोंदवावी लागते आणि साधारण तीन आठवडे आधी ती अंतिम होते. नव्या मालिकेचा पहिला अंक मांडणीवर येतो, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाची मागणी बहुधा नोंदवून झालेली असते. म्हणजे पहिला अंक लोकांना आवडला की नाही हे कळण्यापूर्वीच पुढच्या अंकांचे आकडे प्रकाशकाकडे पोहोचतात. परतीची सोय नसल्यामुळे दुकानदार सावधपणे वागतो आणि दुसऱ्या अंकाला मागणी कमीच नोंदवतो. ती घसरण पाहून प्रकाशक मालिका पाचव्या-सहाव्या अंकाला संपवायचे ठरवतो, आणि मित्राकडून कौतुक ऐकून चौथ्या महिन्यात दुकानात गेलेल्या वाचकाला ती बंद होणार असल्याची बातमी मिळते.

म्हणून अमेरिकेतील नियमित वाचक दुकानात आपल्या नावाचा खण ठेवतात. दुकानदाराला मालिकांची यादी दिलेली असते आणि तो दर बुधवारी त्या यादीतले अंक खणात बाजूला काढून ठेवतो. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकांनाही हे सहज करता येते. यादीत एक नाव लिहिले की पुढच्या महिन्याच्या मागणीत एक निश्चित प्रत वाढते, आणि लहान प्रकाशकाच्या मालिकेला त्या एका प्रतीचा आधार खरोखर वाटतो.

मी सुटे अंक घेत नाही, संग्रहाचे पुस्तक निघेपर्यंत थांबतो. यात माझे काही चुकते का?

वाचक म्हणून काहीच चुकत नाही. पाच-सहा अंकांचे पुस्तक सुट्या अंकांपेक्षा बहुधा स्वस्त पडते, त्यात जाहिराती नसतात आणि ते कपाटात नीट उभे राहते. अडचण हिशेबाची आहे. सुट्या अंकांच्या विक्रीतून चित्रकाराचा दरमहाचा खर्च निघतो आणि पुस्तक हा त्यानंतरचा फायदा असतो. सगळेच पुस्तकासाठी थांबले, तर पुस्तकापर्यंत पोहोचण्याइतके अंकच निघत नाहीत. माझ्या आवडीची एक मालिका सहाव्या अंकाला बंद झाली, तेव्हा मी तिच्याबद्दल दहा जणांना सांगितले होते. स्वतः मात्र ‘पुस्तक निघाले की घेऊ’ असे म्हणत एकही अंक विकत घेतला नव्हता. त्या मालिकेचे पुस्तक आजवर निघालेले नाही.

मुलांसाठीच्या आणि किशोरांसाठीच्या सचित्र कादंबऱ्यांना हा नियम लागू होत नाही. त्या मुळातच पुस्तक म्हणून लिहिल्या जातात आणि पुस्तकांच्या दुकानांतून व शाळांच्या ग्रंथालयांतून खपतात. त्या हव्या तेव्हा घ्याव्यात.

भरपूर खरेदी झाली म्हणजे धंदा भरभराटीला आला, असे म्हणता येईल का?

म्हणता येणार नाही. त्याचा पुरावा १९९० च्या दशकात आहे. जुन्या अंकांना लिलावात मिळणाऱ्या किमतींच्या बातम्या वाचून हजारो लोक कॉमिक्सकडे गुंतवणूक म्हणून पाहू लागले होते. १९९१ साली मार्व्हलने ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह काढला, त्यातील चार जोडली की एक चित्र पूर्ण होत असे आणि पाचव्यात ते चित्र घडी उलगडून पाहता येत असे. दुकानदारांनी त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती उचलल्या. एकाच माणसाने पाचही प्रती घेणे ही तेव्हा सर्वसामान्य गोष्ट होती. पुढच्या वर्षी सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या प्लास्टिकच्या सीलबंद पिशवीत आला, आणि असंख्य लोकांनी एक प्रत वाचायला व दुसरी पिशवी न फोडता ठेवायला, अशा दोन-दोन प्रती घेतल्या.

सुपरमॅनचा १९३८ चा अंक दुर्मीळ आहे, कारण मुलांनी तो वाचला, चुरगळला, एकमेकांना दिला आणि शेवटी आयांनी तो रद्दीत घातला. २०२४ साली त्याची एक प्रत ६० लाख डॉलरला विकली गेली. लाखो लोकांनी जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ होऊच शकत नाही, हे गुंतवणूकदारांच्या लक्षात आले तेव्हा ते एकदम निघून गेले. अमेरिकेतील कॉमिक्सची हजारो दुकाने बंद पडली. त्यातच मार्व्हलने १९९४ साली स्वतःची वितरण कंपनी विकत घेऊन इतर वितरकांशी संबंध तोडले आणि त्या धक्क्याने एकामागून एक वितरक बुडाले. डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. या सगळ्या पडझडीत इंटरनेटवरच्या चोरट्या प्रतींचा काहीही हात नव्हता, कारण त्या तेव्हा जवळपास अस्तित्वातच नव्हत्या.

ही सवय अजून पूर्णपणे गेलेली नाही. नेहमीच्या मुखपृष्ठाच्या पंचवीस प्रती मागवल्या तरच खास मुखपृष्ठाची एक प्रत मिळेल, अशा योजना आजही चालतात. दुकानदार ती एक प्रत चढ्या भावाने विकतो आणि उरलेल्या पंचविसांतील किती वाचल्या गेल्या, हे कोणालाही कळत नाही. आकडा फुगतो आणि प्रकाशकाला वाचक वाढल्याचा भास होतो. प्लास्टिकच्या कठीण डबीत कायमचा बंद केलेला अंक कोणीच वाचत नाही, म्हणून त्याच्या पुढच्या अंकाची वाटही कोणी पाहत नाही.

चोरटी प्रत तयार कशी होते?

पूर्वी अंकाच्या पिना काढून पाने सपाट स्कॅनरवर ठेवली जात, रंग सारखे केले जात आणि सगळी पाने एका फाइलमध्ये बांधली जात. आता बहुतेक वेळा अधिकृत डिजिटल प्रतीचेच कुलूप तोडले जाते, त्यामुळे अंक ज्या दिवशी दुकानात येतो त्याच दिवशी त्याची चोरटी प्रत फिरू लागते. मांगाच्या बाबतीत आणखी एक टप्पा असतो. चाहत्यांचे गट जपानी मजकूर पुसून फुग्यांच्या मागचे चित्र पुन्हा रंगवतात, भाषांतर करतात आणि अक्षरे बसवतात. त्यातील पुष्कळजण हे काम एक पैसाही न घेता, निव्वळ प्रेमापोटी करतात. मात्र ते काम जाहिरातींवर चालणाऱ्या संकेतस्थळाच्या हाती लागते, तेव्हा त्या प्रेमाचे पैसे तिसराच माणूस खातो.

प्रत्येक चोरटी प्रत म्हणजे एक बुडालेली विक्री असते का?

नाही. तसे समजून केलेले हिशेब फसतात. जपानमधील ‘मांगामुरा’ हे चोरटा मांगा फुकट वाचायला देणारे संकेतस्थळ २०१८ च्या एप्रिलमध्ये बंद झाले. त्याच्यामुळे सुमारे सहा महिन्यांत ३०० अब्ज येनचे नुकसान झाल्याचा अंदाज तेव्हा मांडला गेला होता. २०१७ मध्ये जपानमधील मांगाची वर्षभराची विक्री, छापील आणि डिजिटल मिळून, सुमारे ४३० अब्ज येन होती. म्हणजे संकेतस्थळ नसते तर लोकांनी सहा महिन्यांत आणखी ३०० अब्ज येन खर्च केले असते, असे मानावे लागेल, आणि ते कोणालाही पटणार नाही. फुकट मिळते म्हणून पन्नास मालिका चाळणारा माणूस पैसे मोजायची वेळ आल्यावर त्यातील दोन-तीनच घेईल.

परंतु त्या दोन-तीन मालिकांचे नुकसान खरे असते, आणि ते सर्वांचे सारखे नसते. टोकियोच्या केओ विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ तात्सुओ तानाका यांनी, चोरट्या फाइली मोठ्या प्रमाणावर काढून टाकल्यावर मांगाच्या खंडांच्या खपावर काय परिणाम झाला, याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. चालू मालिकांचा खप चोरट्या प्रतींमुळे घटतो आणि पूर्ण झालेल्या जुन्या मालिकांचा खप मात्र काहीसा वाढतो, असे त्यांना आढळले. थोडा विचार केला की हे सहज पटते. चालू मालिकेच्या वाचकाला पुढे काय झाले एवढेच जाणून घ्यायचे असते आणि ती भूक चोरटी प्रत पूर्ण भागवते. दुकानातून नाहीशी झालेली आणि लोक विसरलेली जुनी मालिका मात्र चोरट्या प्रतीमुळे पुन्हा नजरेस पडते. म्हणून ‘पायरसीमुळे जाहिरातच होते’ हे विधान चालू मालिकेच्या चित्रकाराला ऐकवू नये. ते त्याच्या बाबतीत खोटे आहे.

पण चोरट्या प्रतीमुळे खप वाढल्याची उदाहरणे आहेत ना?

आहेत, आणि त्यातील एक प्रामाणिकपणे सांगायला हवे. २०१० साली अमेरिकेत स्टीव्ह लीबर यांनी चित्रित केलेली ‘अंडरग्राउंड’ ही मालिका कोणीतरी पानन् पान स्कॅन करून एका चर्चास्थळावर टाकली. लीबर चिडले नाहीत. ते स्वतः तिथे गेले आणि वाचकांशी गप्पा मारू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुस्तकाची विक्री एकदम वर गेली. हे घडले, यात शंका नाही. मात्र ती मालिका पूर्ण झालेली होती आणि निर्माता स्वतः हजर राहून बोलत होता, या दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय ते उदाहरण देणे योग्य होणार नाही.

जपानने या प्रश्नावर काय उपाय केले?

दोन बाजूंनी केले. एकीकडे कायद्याचा बडगा उगारला. मांगामुराच्या चालकाला २०१९ मध्ये फिलिपिन्समध्ये ताब्यात घेऊन जपानला आणले गेले आणि २०२१ मध्ये फुकुओका जिल्हा न्यायालयाने त्याला तीन वर्षांची कैद व मोठा दंड ठोठावला. २०२४ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने त्याला तीन प्रकाशन कंपन्यांना १.७ अब्ज येनहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. चोरटा मांगा जाणूनबुजून डाउनलोड करणे बेकायदा ठरवणारी सुधारणा १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली.

दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. शुएइशा या प्रकाशन कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये ‘मांगा प्लस’ ही अधिकृत ऑनलाइन वाचनसेवा सुरू केली. जपानमध्ये मालिकेचे नवे प्रकरण प्रसिद्ध होते त्याच वेळी त्याचे इंग्रजी भाषांतर जगभर वाचायला मिळू लागले, आणि मालिकेची पहिली तीन व ताजी तीन प्रकरणे विनामूल्य ठेवली गेली. चोरट्या भाषांतराचे मुख्य आकर्षण पैसे वाचणे हे नव्हतेच. अधिकृत भाषांतरासाठी महिनोन् महिने वाट पाहावी लागणे, हे त्याचे खरे कारण होते. ते कारण प्रकाशकाने स्वतःच दूर केले. जपानच्या आत वाचायला सोप्या अधिकृत ॲपमुळे डिजिटल विक्री वाढत गेली आणि २०२० मध्ये मांगाची एकूण विक्री ६०० अब्ज येनच्या वर गेली. त्यापूर्वीचा उच्चांक १९९५ चा होता. ज्या धंद्याला चोरटी संकेतस्थळे संपवणार असे सगळे म्हणत होते, त्याने पंचवीस वर्षांपूर्वीचे आपले सर्वोत्तम वर्ष मागे टाकले.

विकत घेतलेले डिजिटल कॉमिक माझ्या मालकीचे असते का?

बहुतेक ठिकाणी नसते. आपल्याला ते वाचण्याचा परवाना मिळतो. कॉमिक्सॉलॉजी हे कॉमिक्सच्या डिजिटल विक्रीचे सर्वांत मोठे ठिकाण होते. ॲमेझॉनने २०१४ मध्ये ते विकत घेतले आणि २०२३ च्या अखेरीस त्याचे स्वतंत्र ॲप बंद करून वाचकांना किंडलकडे वळवले. घेतलेली पुस्तके गेली नाहीत, पण कॉमिक्ससाठीच बनवलेली, एकेक चौकट उलगडत नेणारी सोय ज्यांनी पसंत करून पैसे मोजले होते, त्यांना निवडीची संधी उरली नाही. प्रामाणिक गिऱ्हाइकाला चोरापेक्षा कमी हक्क मिळत असतील, तर त्याची तक्रार रास्त आहे आणि प्रकाशकांनी ती ऐकलीच पाहिजे. कुलूप नसलेली, आपल्या संगणकावर कायमची ठेवता येणारी प्रत जिथे मिळते तिथून ती आवर्जून घ्यावी.

रद्दीवाल्याकडून किंवा भाड्याच्या वाचनालयातून कॉमिक घेणे ही चोरी आहे का?

रद्दीतून घेणे ही चोरी नव्हे. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार एकदा विकल्या गेलेल्या छापील प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचे नियंत्रण राहत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या वाचनालयातून दिवसाला आठ आण्यांनी कॉमिक आणणाऱ्या मुलांनीही प्रकाशकाला बुडवले असे मला वाटत नाही. वाचनालयवाल्या काकांनी ती प्रत विकत घेतलेली असे, ती एका वेळी एकाच घरात असे आणि चाळीस हातांतून गेल्यावर पाठीवर खाकी कागदाची पट्टी चिकटवूनही ती टिकत नसे, तेव्हा काका नवी आणत. फाइल झिजत नाही, एका वेळी लाख घरांत असते आणि तिच्यामुळे नवी प्रत कोणीही आणत नाही. वाचनालय आणि फाइल यांची तुलना करणारे हा फरक विसरतात.

मराठी इंद्रजाल कॉमिक्स आता कुठेच मिळत नाहीत. त्यांच्या स्कॅन प्रती वाचाव्यात का?

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात टाइम्स ऑफ इंडिया समूहाने काढली आणि वेताळ (फँटम), जादूगार मँड्रेक यांच्या कथा मराठीतूनही घरोघर पोहोचल्या. अमर चित्रकथेची गोष्ट वेगळी आहे. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेली ती मालिका आजही छापली जाते आणि तिची मराठी पुस्तकेही विकत मिळतात, त्यामुळे तिची चोरटी प्रत वाचण्याला कोणतेही कारण पुरणार नाही. इंद्रजालचे जुने मराठी अंक मात्र बाजारात नाहीत.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो आणि वेताळाचे जनक ली फॉक १९९९ साली वारले. प्रत बाजारात मिळत नाही म्हणून हक्क संपत नाही. पण माझ्याकडच्या अंकांच्या पिना गंजून मधल्या पानांवर तांबूस डाग उतरले आहेत, आणि पान उलटताना कडेचा तुकडा बोटाला लागून येतो. अशा वेळी आपल्या अंकांचे स्कॅनिंग करून पाने सांभाळणाऱ्या माणसाला मी दोष देऊ शकत नाही. त्याच फाइली पेन ड्राइव्हवर भरून विकणाऱ्याला मात्र मी दोष देतो, कारण त्याने काहीच सांभाळलेले नसते.

ज्यांच्याकडे मराठी अंक आहेत त्यांनी ते रद्दीत न घालता एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला विचारून पाहावे, निदान अंकांच्या क्रमांकांची आणि भाषांतरित नावांची यादी तरी करून ठेवावी. हक्कधारकांकडे पुनर्मुद्रणाची मागणी करायची झाल्यास ‘जुने वेताळ परत आणा’ एवढे लिहून भागत नाही. कोणते अंक, कोणत्या भाषेत, किती जण आगाऊ पैसे भरून घ्यायला तयार आहेत, हे लिहावे लागते. दोनशे नावांची तशी यादी हाती आली, तर लहान आवृत्तीचा हिशेब मांडायला प्रकाशकाला निदान सुरुवात करता येते.